ह्यांचं काय चुकलं होतं?

तुझा अजून देवावर विश्वास आहे का गं, असं मला हल्ली बरेच जण विचारतात. कोणी काळजीने विचारतं, कोणी सहज, कोणाला माझं उत्तर "नाही" यावं असं वाटत असतं तर कोणाला "हो", आणि त्रिमूर्ती चौकात भाजी घेताना दोन मिनिटांत सांगण्यासारखं ते नाहीच. म्हणून एकदा सगळं लिहून काढते. लांबणार आहे, लांबू दे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्या ह्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. हे अंबडला एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर होते, राहायला आम्ही सिडकोत, दोन मुलं, सासूबाई, असं साधं घर. आधी पाय सुजायला लागले, मग जेवण जाईना, सकाळी उठल्या उठल्या मळमळ, जिना चढताना दम, बीपी मोजलं तर भयंकर वाढलेलं, आणि रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा आकडा बघून डॉक्टर आधी गप्पच बसले. किडनीचं दुखणं असंच असतं, बरीचशी कामातून जाईपर्यंत बाहेर काही कळत नाही. तेव्हापासून सोम-बुध-शुक्र डायलिसिस, सकाळची शिफ्ट, चार तास मशीनला जोडून बसायचं, किडनीचं रक्त साफ करायचं काम तेवढा वेळ ते मशीन करतं. बाकीच्या दिवशी कामावर जातात, साहेबांनी त्यांना मशीनवरून काढून इन्स्पेक्शनला बसवलंय. ट्रान्सप्लांटसाठी नाव नोंदवलंय, वाट बघतोय.

पथ्य म्हणजे काय ते आम्हाला आत्ता कळलं. पाणी, चहा, ताक, आमटी, गोळ्यांबरोबरचा घोट असं दिवसाचं सगळं मिळून ह्यांना एक लिटरच्या आसपास चालतं, म्हणून मी सकाळी एक बाटली भरून ओट्यावर ठेवते आणि हे अर्धा कप चहा प्यायले की अर्धा कप पाणी त्या बाटलीतून काढून घेते, म्हणजे दिवसाचं उरलंय किती ते डोळ्यासमोर राहतं. बटाटा असो की दुसरी कुठली भाजी, बारीक चिरायची, कोमट पाण्यात दोनेक तास भिजवायची, ते पाणी फेकायचं, मग नव्या भरपूर पाण्यात उकडायची आणि तेही पाणी फेकायचं, कारण पोटॅशियम त्या पाण्यात उतरतं आणि किडनी बंद असताना ते रक्तात साचलं तर हृदय थांबू शकतं. शहाळं बंद, केळी बंद, लोणचं पापड बंद, रविवारची मिसळ बंद, आणि नाशिकच्या माणसाला रविवारची मिसळ बंद म्हणजे काय ते नाशिककरांनाच कळेल. द्राक्षं मोजून चालतील असं डाएटिशियन मॅडम म्हणाल्या, त्यामुळे सीझनमध्ये वाटीत चार-पाच मणी ठेवले की हे ते इतके सावकाश खातात की मुलंसुद्धा आपली द्राक्षं सोडून बघत बसतात.

आणि हाताला फिस्टुला आहे. ऑपरेशन करून हातातली एक धमनी आणि एक शीर जोडून देतात, त्याने शीर हळूहळू फुगते, जाड होते, मग डायलिसिसच्या मोठ्या सुया तिच्यात दर वेळी घालता येतात. त्या हाताने वजन उचलायचं नाही, त्या हाताचं बीपी घेऊ द्यायचं नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही आणि रोज त्यावर बोटं ठेवून बघायचं की आत रक्त वाहतंय ना. बोटांना थरथर लागते. कान लावला तर लांब कुठेतरी कोणी जातं ओढतंय असा आवाज येतो, घर्र घर्र, न थांबता. तो थांबला म्हणजे आत गाठ झाली, मग लगेच पळायचं. माझी सकाळ त्या आवाजापासून सुरू होते, देवापुढचा दिवा त्यानंतर.

शरीराचं हे सगळं अंगवळणी पडतं. खरंच पडतं, ज्यांच्या घरी नवीन आहे त्यांनी घाबरू नका. मला जड गेली ती लोकांनी सांगितलेली कारणं.

घरात मोठं आजारपण आलं की माणसं भेटायला येतात आणि येताना प्रत्येक जण एक कारण घेऊन येतो. पूर्वजन्मीचं काहीतरी असेल. देव त्याच्या लाडक्यांचीच परीक्षा घेतो. जे होतं ते चांगल्यासाठीच होतं. कोणाची तरी नजर लागली. पत्रिका दाखवली का? त्यात आम्ही नाशिकचे, त्र्यंबकेश्वर इथून अठ्ठावीस किलोमीटर, नारायण नागबळी, कालसर्प, त्रिपिंडी यासाठी देशभरातून लोक इथे येतात आणि तुम्ही इतक्या जवळ राहून काहीच करत नाही म्हणजे काय. ही सगळी मायेची माणसं आहेत, वाईट हेतू कोणाचाच नव्हता. सासूबाईंनी मनाच्या समाधानासाठी पूजा करायची म्हटलं तेव्हा मी स्वतः त्यांच्यासोबत राहिले, सगळं सोवळ्यात नीट केलं, त्यांचा जीव हलका झाला याचा मला आनंदच आहे, त्यांनी मुलाला असं बघायचं म्हणजे सोपं नाही. पण पत्रिका बघणाऱ्या एका गृहस्थांनी ह्यांच्या तोंडावर सांगितलं की हा पितृदोष आहे, वडिलांचा आत्मा तृप्त झालेला नाही.

आता ह्यांचे वडील गेले तेव्हा हे नाईट शिफ्टला होते. शॉपमध्ये मोबाइल न्यायला बंदी, गेटवर निरोप पोहोचेपर्यंत आणि तिथून हे घरी येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यात कोणाचाच दोष नव्हता. पण पितृदोष हा शब्द कानावर पडला आणि ह्यांच्या डोक्यात ते जाऊन बसलं. रात्री दिवे घालवले की हळूच विचारायचे, "माझ्या हातून काय झालं असेल गं?" मग एकेक आठवून सांगायचे. लहानपणी शेजारच्यांचे पेरू चोरले ते, एका हेल्परला सगळ्यांसमोर बोललो ते, आईला उलट उत्तर दिलं ते, आणि सगळ्यात शेवटी वडिलांचं. डायलिसिसने पिळून निघालेला माणूस, रक्त कमी, पायात गोळे येतायत, आणि तो अंधारात पडून आपल्या पापांची यादी करतोय. मला ते बघवायचं नाही. माझा विश्वास वगैरे जे काही आहे ते त्या रात्रींमध्ये तयार झालंय. मी तेव्हा ठरवलं की ज्या विचारामुळे आजारी माणूस स्वतःला गुन्हेगार समजायला लागतो तो विचार मी घरात ठेवणार नाही, मग तो कितीही जुना असू दे आणि कोणीही सांगितलेला असू दे.

ठरवलं खरं, पण ह्यांना पटवायचं कसं ते कळत नव्हतं. तिथे नाना कामाला आले.

नाना म्हणजे माझे वडील, सिन्नरकडचे, वारकरी, गळ्यात माळ, पौष वद्य एकादशीला निवृत्तीनाथांच्या यात्रेला दिंडीत चालत त्र्यंबकला जाणारे. ते आमच्याकडे मुक्कामाला आले होते आणि त्यांनी रात्रीचं ते बोलणं ऐकलं असणार, आमचं घर केवढं. सकाळी ह्यांच्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "जावईबापू, निवृत्तीनाथांचं काय पाप होतं हो?"

गोष्ट आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे म्हणून आपण तिच्याकडे नीट बघत नाही. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूंनीच परत पाठवलं म्हणून संसारात आले, चार लेकरं झाली आणि गावाने वाळीत टाकलं. शास्त्र बघणाऱ्यांनी सांगितलं, देहान्त प्रायश्चित्त. मुलांचं तरी नीट होईल म्हणून त्या नवरा-बायकोने तेही केलं, जीव दिला. आणि एवढं होऊन त्या पोरांना काय सांगितलं, तर पैठणहून शुद्धिपत्र आणा. नाना म्हणाले, "दोन जीव गेले तरी ते पाप फिटलं नाही म्हणे. मग ते पाप होतं तरी का? लोकांनी लिहिलेलं होतं ते, लोकांनाच पुसायचं नव्हतं." हे काही बोलले नाहीत, पण नानांकडे बघत राहिले.

मी ही गोष्ट माहेरी पाळण्यात असल्यापासून ऐकली असेल, पण त्या दिवशी ह्यांच्या चेहऱ्याकडे बघत ऐकली त्यामुळे वेगळीच लागली. त्या चार पोरांनी आपल्यावर हे का आलं याचा शोध घेत बसायचं ठरवलं असतं तर जन्म गेला असता त्यात. थोरल्याला ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांकडून जे मिळालं ते त्याने धाकट्याला दिलं, धाकट्याने १२९० मध्ये गीता मराठीत आणून ठेवली आणि शेवटी जे मागणं मागितलं त्यात स्वतःसाठी काही नाही, छळणाऱ्यांचं वाईट व्हावं असंही नाही, दुष्टांचा दुष्टपणा तेवढा जावो. पुढे १२९६ मध्ये ज्ञानेश्वर गेले, त्यांच्यामागे सोपानदेव, मग मुक्ताई, आणि तिन्ही लहान भावंडं गेल्यावर १२९७ मध्ये निवृत्तीनाथांनी त्र्यंबकला समाधी घेतली. थोरल्याने तिघांनाही आधी जाताना पाहिलं. पौषाच्या थंडीत टाळ वाजवत हजारो माणसं ज्याच्या पायाशी जातात तो हा माणूस आहे. एवढं सगळं सोसून झालं आणि त्याचं कारण त्याला कोणी सांगितलं नाही. मला हे फार आधाराचं वाटतं. कारण सांगता येत नाही अशा दुःखातून आलेल्या माणसाला आपण संत म्हणतो, गुन्हेगार म्हणत नाही.

डायलिसिस वॉर्डातही मला बरंच मिळालं. तिथे शेजारच्या खुर्चीवर निफाडकडचे एक काका असतात, द्राक्षबागायतदार. पहाटेच्या एसटीने येतात, वजन करतात, सुया लागतात, मशीन सुरू झालं की मोकळ्या हाताने फोन काढून मुलाला लावतात. "डावणी दिसती का रं पानामागं? मंग आत्ताच फवारा मार, दुपारची वाट बघू नको." डावणी म्हणजे द्राक्षाच्या पानांवर पडणारा रोग. इकडे पंप फिरतोय, नळीतून रक्त जातंय येतंय आणि काका बागेत. एकदा त्यांचे कोणी पाहुणे भेटायला आले आणि तेच सुरू केलं, मागच्या जन्माचं. काका शांतपणे म्हणाले, "गारपीट झाली तव्हा माझी बाग झोपली आन बांधाला बांध लागून असलेली दुसऱ्याची उभी राहिली. मंग त्याचं पुण्य आन माझं पाप व्हतं का? गार पट्ट्या-पट्ट्यानं पडती. तिला काय माहीत बांध कुनाचा." ज्यांनी २०१४ ची ती फेब्रुवारी-मार्चची गारपीट इकडे बघितली आहे त्यांना काका काय म्हणतात ते लगेच कळेल, एका बाजूला घड शाबूत आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला सगळा चिखल. एवढ्या मोठ्या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर मी कुठल्याच प्रवचनात ऐकलं नव्हतं. काकांनी त्यानंतर कर्ज काढून बाग परत उभी केली. आजही फोनवर डावणी आणि भुरीचंच बोलणं चालू असतं, आजाराचं नाही.

तिथल्या एक सिस्टर आहेत, बौद्ध घरातल्या, हात इतका हलका की हे त्यांचीच वाट बघतात. डायलिसिस संपल्यावर सुई काढली की त्या जागी कापूस घट्ट दाबून धरावा लागतो, तेवढा वेळ बोलायला मिळतो. माझं ते पितृदोषाचं ऐकून त्या म्हणाल्या, माझे पणजोबा काळारामाच्या सत्याग्रहात होते. म्हणजे २ मार्च १९३० ला जो सुरू झाला तो. बाबासाहेब आले होते, दादासाहेब गायकवाडांनी पुढे तो चालवला, हजारो बाया-माणसं पंचवटीत मंदिराच्या दाराशी बसली आणि दार उघडलं नाही. वर्षानुवर्षं चाललं ते, आणि शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्या येवल्यातच बाबासाहेबांनी जाहीर करून टाकलं की मी हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. सिस्टर म्हणाल्या, "आमच्या लोकांनाही हेच सांगायचे ना ताई, मागच्या जन्मीचं आहे, भोगा. पणजोबांनी ते ऐकून घेतलं असतं तर मी आज इथे उभी नसते." हे सांगताना त्यांचा अंगठा ह्यांच्या हातावर दाबलेलाच होता. आता मी काळारामाला गेले की मूर्तीच्या आधी मला ते दार दिसतं.

चार तास बाहेर बसायचं असतं त्यामुळे मी मोबाइलवर वाचत असते, आणि एकदा मनात आलं की हे मशीन आलं तरी कुठून. ते वाचलं आणि मग वाचतच गेले. हॉलंडमध्ये ग्रोनिंगनला विलेम कोल्फ नावाचे एक तरुण डॉक्टर होते. १९३८ मध्ये त्यांच्या वॉर्डात एका गरीब शेतकऱ्याचा २२ वर्षांचा मुलगा होता, किडन्या गेलेल्या, तेव्हा त्यावर काहीच उपाय नव्हता आणि तुमचा मुलगा वाचणार नाही हे त्याच्या आईला सांगायचं काम या डॉक्टरवर आलं. तो गेलाच. डॉक्टरांनी हिशोब केला की याच्या रक्तातलं रोज २० ग्रॅम युरिया, म्हणजे किडनी लघवीतून टाकते ती घाण, जरी बाहेर काढता आली असती तरी हा जगला असता. मग महायुद्ध लागलं, जर्मनांनी देश घेतला, कुठलंच सामान धड मिळेना, आणि या माणसाने काम्पेन नावाच्या लहान गावातल्या हॉस्पिटलात बसून सॉसेजला वापरतात तसली सेलोफेनची नळी एका लाकडी पिंपावर गुंडाळली, पिंप मिठाच्या पाण्याच्या टबात फिरत ठेवलं आणि १९४३ मध्ये त्यावर आपलं पहिलं डायलिसिस केलं. पहिले पंधरा-सोळा पेशंट, जवळपास सगळे गेले. एवढं झाल्यावर दुसरा कोणी असता तर त्याने सोडून दिलं असतं. १९४५ मध्ये एक ६७ वर्षांची बाई बेशुद्धीतून डोळे उघडून उठली, ती पहिली वाचलेली. आणि ती कोण होती, तर नाझींना सामील झाली म्हणून तुरुंगात टाकलेली. गावात लोकांना तिच्याबद्दल चीड होती. डॉक्टरांनी तिने काय केलंय ते विचारलं नाही, तिच्या रक्तात काय साचलंय ते बघितलं. नंतर त्यांनी आपली मशीनं दुसऱ्या देशांतल्या हॉस्पिटलांना फुकट पाठवली.

तरी ते काही दिवसांपुरतंच जमायचं, कारण दर वेळी नवी शीर कापावी लागे आणि शिरा संपत. १९६० मध्ये अमेरिकेत सिएटलला डॉक्टर स्क्रिबनर यांनी टेफ्लॉनची नळी हातात कायमची बसवून ठेवायची युक्ती काढली. त्यांचा पहिला पेशंट क्लाइड शील्ड्स, वय ३९, बोइंगमध्ये मशिनिस्ट. त्यानंतर तो ११ वर्षं जगला. हे मी ह्यांना वाचून दाखवत होते, मशिनिस्ट म्हटल्यावर हे उशीवरून उठलेच. "कुठल्या मशीनवर होता, लेथ का मिलिंग?" मला कसं माहीत असणार! पण कितीतरी दिवसांनी ह्यांच्या तोंडून कामाचा प्रश्न निघाला होता. मी रडायला लागले आणि ह्यांना कळेना की मी का रडतेय. आणि १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी धमनी आणि शीर जोडायचं ऑपरेशन जगासमोर आणलं, तोच हा फिस्टुला, ज्याचा आवाज मी रोज सकाळी ऐकते.

सिएटलचंच अजून एक सांगायचं आहे, मला ते महत्त्वाचं वाटतं. मशीनं थोडी आणि पेशंट खूप, मग कोणाला घ्यायचं? तिथे सात जणांची समिती नेमली. एक वकील, एक पाद्री, एक बँकेतला, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार पुढारी, एक सर्जन. हे लोक बंद खोलीत बसून ठरवायचे की कोण मशीनवर जाणार, म्हणजे कोण जगणार. लग्न झालंय का, पोरं किती, कमाई किती, शिक्षण किती, चर्चला जातो का, हे सगळं बघायचे. १९६२ मध्ये लाइफ मासिकात ते छापून आलं आणि लोक हादरले. त्या सात जणांना मी वाईट म्हणत नाही, त्यांच्यावर काय वेळ आली असेल. पण चांगल्या मनाची सात माणसं सुद्धा कोण लायक हे ठरवायला बसली की चर्चच्या हजेरीपर्यंत जाऊन पोहोचतात. तो प्रश्न शेवटी सुटला कसा, तर १९७२ मध्ये अमेरिकेने कायदा करून डायलिसिसचा खर्च सरकारवर घेतला, मशीनं वाढली आणि लायकी ठरवायची गरजच संपली. आपल्याकडे २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला, महाराष्ट्रात महात्मा फुले योजनेतून डायलिसिस होतं, आमच्या वॉर्डातली बरीच माणसं त्यावरच येतात आणि तिथे कोणी विचारत नाही की तुमचं आचरण कसं आहे, कार्ड आहे का एवढंच विचारतात. माझ्या दृष्टीने हा धर्मच आहे, आणि मी हे मनापासून म्हणतेय.

तर आता विश्वासाचं. हा आजार आम्हाला काही शिकवायला आलाय असं मी मानत नाही. ह्यांच्या किडन्या बीपीने गेल्या. त्या काळात मी खंबीर झाले असेन, माणसं ओळखायला शिकले असेन, तर ते मी आणि माझ्या माणसांनी कमावलंय, आजाराला त्याचं श्रेय देणार नाही, आणि त्याच्या बदल्यात ह्यांची एक किडनी परत मिळत असेल तर सगळा शहाणपणा मी आजच्या आज परत करीन. जे होतं ते चांगल्यासाठी होतं हे वाक्य मी कोणाच्याही घरी जाऊन बोलत नाही. लहान मूल गेलेल्या घरात ते बोलून बघा, आणि तिथे जे बोलता येत नाही ते खरं कसं असेल?

आणि हो, देव मानते. अगदी मानते. पण माझ्या डोळ्यासमोर पाप-पुण्याची वही घेऊन बसलेला कोणी येत नाही. मला विटेवरचा दिसतो. त्याच्या उभं राहण्याची गोष्टच बघा ना, पुंडलिक आईबापांची सेवा करत होता, देव दारात आला आणि पुंडलिकाने त्याला सांगितलं की थांब, माझं काम चालू आहे, आणि वीट टाकली. देव रागावला नाही, थांबला. आजारी माणसाचं आधी, माझं नंतर, हे ज्या देवाला चालतं तो माझा देव आहे. म्हणून मी फिस्टुल्याला आधी कान लावते आणि मग दिवा लावते आणि मला त्यात काही कमी केल्यासारखं वाटत नाही. नवस मी करत नाही. यात्रेला नानांबरोबर जेवढं जमेल तेवढं चालते, तिथे काही मागत नाही, नुसतं डोकं टेकवून येते आणि परतीच्या बसमध्ये शांत झोप लागते.

अर्थ अर्थ म्हणतात तो मला तरी दुसऱ्या कुठे सापडला नाही, कामातच सापडला. वॉर्डात पेठकडची एक बाई आली होती, कॉलेजात जाणारा मुलगा, पहिलंच डायलिसिस, बाकावर बसून पदर तोंडात घेतलेला. मला म्हणाली, "ताई, माझ्याच पोराला का झालं?" मी म्हटलं, माहीत नाही गं बाई. मग तिला पाण्याची बाटली कशी ठेवायची ते सांगितलं, भाज्या कशा भिजवायच्या ते सांगितलं, त्याचा हात सांभाळायचा कसा ते सांगितलं. तिने रिपोर्टच्या पाकिटावर सगळं लिहून घेतलं, डाळ किती शिजवायची ते दोनदा विचारलं. माझ्याकडे तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं पण तिच्या रात्रीच्या स्वयंपाकाचं उत्तर होतं, आणि घरी जाताना तिचा चेहरा येतानापेक्षा बरा होता. आता नवीन कोणी आलं की ती स्वतःहून उठून त्यांच्याजवळ जाऊन बसते.

हे अजूनही कधी कधी रात्री तो प्रश्न विचारतात. यादी पुष्कळ छोटी झालीय, पेरू आणि हेल्पर गेले, वडिलांचं तेवढं राहिलंय. त्यावर माझ्याकडे काही उत्तर नाही आणि मी ओढूनताणून देतही नाही. तेव्हा मी लाइट लावते आणि आम्ही मामांजींबद्दल बोलतो, ते सायकलवर सातपूरला कसे जायचे, पगाराच्या दिवशी गरम जिलबी कशी आणायचे, पहिल्यांदा ह्यांना कारखान्यात नेऊन मशीन दाखवलं तेव्हा किती खूश होते. मध्येच सासूबाई पण उठून येतात आणि त्यांना आठवतं ते सांगतात. पितृदोष म्हणून ज्या माणसाचं नाव घरात भीतीने घ्यायला लागलो होतो, त्याच माणसाबद्दल आता घरात मायेने बोलणं होतं. हे मला हवं होतं.

ज्यांना भेटायला यायचंय त्यांनी रविवारी या. सोम-बुध-शुक्रच्या संध्याकाळी ह्यांच्या अंगात त्राण नसतं, बोलायला लागलं तरी दमतात. शहाळं आणू नका, सफरचंद चालतं. पत्रिकेचा विषय काढू नका. कामाचं विचारा, अंबडला कोणत्या कंपनीत कोणतं नवीन मशीन आलं ते सांगा, ह्यांना त्यात अजून सगळ्यात जास्त रस आहे. आणि तुमच्या घरी, ओळखीत कोणाचं डायलिसिस नवीन सुरू झालं असेल तर मला कळवा, पथ्याचं सगळं मी मराठीत लिहून ठेवलंय, ते पाठवते, आणि नाशिकमध्येच असाल तर पहिल्या दिवशी सोबत येऊन बसते.